डब्यात कोण?

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर मी रात्र निवडली असती, वादळ निवडलं असतं, निदान वीज तरी घालवली असती.

रात्र नव्हती. शुक्रवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं. आणि वीज शेवटपर्यंत होती.

एमएस्सी झाल्यावर मी एका रेडिओ दुर्बिणीवर कामाला लागले. रेडिओ दुर्बीण म्हणजे डोळा लावून बघायची नळी नव्हे. उघड्या माळावर आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या मोठमोठ्या तबकड्या, आणि त्यांच्यापासून जरा लांब एक बुटकी इमारत. तबकड्यांना आम्ही अँटेना म्हणतो. रेडिओ लहरींना दिवस आणि रात्र सारखेच. त्यामुळे आमचं काम भर दुपारीही चालतं.

आम्ही फार लांबच्या दीर्घिका शोधतो. दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी. आकाशाचा एकच लहानसा तुकडा घ्यायचा आणि तो वेगवेगळ्या दुर्बिणींनी, वेगवेगळ्या तरंगलांबीत टिपायचा. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, उष्णता, क्ष-किरण, रेडिओ... यातल्या प्रत्येकाला आम्ही बँड म्हणतो. मग ही सगळी चित्रं एकावर एक ठेवून बघायची.

गंमत अशी की एखादी दीर्घिका एका बँडमध्ये ठळक असते, आणि दुसऱ्या बँडमध्ये तिच्या जागी...

काहीच नसतं. नुसता काळोख.

आमच्या मॅडमचा नियम होता. नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या.

"एका बँडमध्ये दिसतं ते भूत. दोन बँडमध्ये दिसलं, तर ते खरं."

भूत म्हणजे यंत्रातला गोंगाट, एखादं प्रतिबिंब, कुणाचा तरी चालू राहिलेला मोबाइल. आमच्या ऑफिसात हा शब्द दिवसातून कितीदा तरी यायचा आणि कुणी दचकायचं नाही.

माझ्या वाट्यालाही असंच एक भूत आलं होतं. रेडिओत स्वच्छ ठिपका, बाकी सगळीकडे पाटी कोरी. ते खरं की खोटं, हे मी ठरवायचं होतं. आई फोनवर विचारायची, "काय गं, अजून ते न दिसणारंच बघत बसली आहेस का?"

"हो."

"मग दिसलं की सांग. आणि जेवत जा वेळेवर."

*

आता डब्याबद्दल सांगते.

अँटेना इतक्या नाजूक असतात की आमच्याच कॉम्प्युटरमधून निघणाऱ्या लहरींनी त्यांचे कान किटतात. म्हणून सगळी मोठी यंत्रं उंच लोखंडी रॅकमध्ये रचून एका पोलादी खोलीत कोंडून ठेवलेली असतात. खिडकी नाही. भिंती, छत, जमीन, सगळं धातूचं. दाराच्या कडेला तांब्याच्या पट्ट्या. दार लागलं की आतली लहर बाहेर जात नाही, बाहेरची आत येत नाही. आवाजही नाही. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा.

या खोलीला आम्ही डबा म्हणायचो.

दार बंद करून आत एकट्याने थांबायचं नाही, असा सक्त नियम. सामानाची ने-आण असली की दार उघडं असायचं. शेवटचा माणूस दार लावण्यापूर्वी ओरडायचा, "डब्यात कोण?"

आणि आत जो असेल त्याने उत्तर द्यायचं, "भाजी!"

हा आचरटपणा प्रोफेसरने सुरू केलेला. प्रोफेसर म्हणजे माझा सीनियर. त्याची पीएचडी अजून व्हायची होती, पण चहा कसा ढवळावा यावरही तो भाषण द्यायचा, म्हणून प्रोफेसर. मी प्रत्येक गोष्टीवर शंका काढायचे, म्हणून त्याने मला शंकाबाई करून टाकलं होतं. पहिल्यांदा मॅडम वैतागल्या. मग एकदा त्यांनी स्वतःच आतून "भाजी!" अशी हाक दिली, आणि तो नियमच होऊन बसला.

त्या शुक्रवारी पुढे सलग सुट्ट्या होत्या. मंडळी दुपारीच पांगली होती. मॅडम संध्याकाळपर्यंत समोरच्या कंट्रोल रूममध्ये बसणार होत्या. त्यानंतर दुर्बीण आपली आपण चालणार होती, पार सुट्ट्या संपेपर्यंत.

प्रोफेसर डब्यातल्या जुन्या डिस्क बाहेर काढत होता. मी आत खुर्चीवर बसून माझ्या ठिपक्याचा मूळ डेटा कॉपी करत होते.

शेवटचं खोकं बाहेर गेलं. दारातून त्याचा आवाज आला.

"डब्यात कोण?"

"भाजी!" मी म्हटलं. "आलेच, थांब जरा."

त्याने आत डोकावून पाहिलं.

मी हात वर केला.

त्याची नजर माझ्यावर आली... आणि माझ्यावरून सरकली. भिंतीवरून सरकावी तशी. रॅकवर गेली, छताकडे गेली, परत फिरली.

"कोणी नाही, मॅडम," तो मागे वळून म्हणाला. "लावतो दार."

आणि दार लागलं.

*

आधी मला हसूच आलं. नाटकी कुठला.

कॉपी पूर्ण होऊ दिली. मग उठले आणि दाराची दांडी खाली ओढली.

दांडी फिरली. दार हललं नाही.

पुन्हा ओढली. दांडी गरागरा फिरत होती, जणू पलीकडे तिला काही जोडलेलंच नव्हतं.

"प्रोफेसर, पुरे आता!"

मी दारावर थाप मारली. दोनदा भराभर, मग थांबून एकदा. आम्ही सगळे तशीच थाप मारायचो.

बाहेर काहीच नाही.

दाराशेजारी धोक्याच्या घंटेचं लाल बटण होतं. ते दाबलं. दाबून धरलं. कुणी आलं नाही.

भिंतीवर फोन होता, थेट कंट्रोल रूमला जोडलेला. तो उचलला. रिंग गेली. मॅडमनी घेतला. त्यांचा आवाज ऐकून एकदम हायसं वाटलं.

"हॅलो?"

"मॅडम, मी! डब्यात अडकले आहे. दांडी फिरतेय, पण दार उघडत नाही."

"हॅलो? बोला... कोण बोलतंय?"

"मॅडम, मी बोलतेय!"

"हॅलो?" मग त्या रिसीव्हर बाजूला धरून कुणाला तरी म्हणाल्या, "डब्यातून फोन आहे. पण कोणी बोलत नाहीये."

लांबून प्रोफेसरचा आवाज. "डब्यात कोणीच नाहीये, मॅडम. आत्ता बघून तर आलो. लाइन बिघडली असेल."

"आणि शंकाबाई कुठे आहे?"

"गेली असेल सुट्टीला घरी. आई वाट बघत असते तिची."

फोन ठेवला गेला.

मी पुन्हा लावला. आता नुसती रिंग वाजत राहिली. बिघडलेली लाइन कोण कशाला उचलेल?

संध्याकाळी मॅडम जाणार. मग सुट्ट्या. मग कधीतरी कुणीतरी येऊन हे दार उघडणार. तोवर मी आत... आणि आई समजणार, मी कामात आहे.

तेवढ्यात दिवा गेला.

मी सांगितलं ना, वीज गेली नव्हती. यंत्रं चालू होती, त्यांचे हिरवे ठिपके दिसत होते. फक्त दिवा गेला. आणि दिव्याबरोबर छतातला हवेचा पंखाही.

त्याचं कारण मला माहीत होतं. डब्यात दोन सेन्सर होते. एक पुढे दाराजवळ, खुर्चीच्या वर. दुसरा मागे, रॅकच्या पलीकडच्या बोळात. हे सेन्सर अंगाची उष्णता ओळखतात. गरम अंग हललं की त्या बाजूचा दिवा लागतो आणि ताजी हवा सुरू होते. काही वेळ कुणीच जाणवलं नाही की दोन्ही बंद. विजेची बचत.

मी बराच वेळ नुसती उभी होते, म्हणून गेला असेल. मी हात हलवला.

दिवा लागला नाही.

दोन्ही हात हलवले. उड्या मारल्या. खुर्चीवर चढून सेन्सरच्या अगदी समोर तळहात नेला.

काही नाही.

प्रोफेसरच्या डोळ्यांना मी दिसले नव्हते. मॅडमच्या कानांना ऐकू आले नव्हते. आता सेन्सरलाही माझी ऊब लागत नव्हती.

खोलीच्या लेखी मी नव्हतेच.

हवा हळूहळू जड व्हायला लागली. यंत्रांची गरम, शिळी हवा. मी दाराला पाठ टेकून खाली बसले आणि श्वास सावकाश घ्यायचा प्रयत्न करू लागले.

आणि मग...

टक्.

मागचा दिवा लागला.

*

रॅकच्या फटींमधून उजेडाच्या उभ्या रेघा माझ्यापर्यंत आल्या. छतातला पंखा सुरू झाला. तोंडावर ताजी हवा आली.

"कोण आहे?"

मी फटींमधून पलीकडे बघितलं.

रॅकच्या पलीकडे काही असतं तर त्या रेघा मध्ये तुटल्या असत्या. एकही तुटत नव्हती. पलीकडे कुणी नव्हतं. निदान डोळ्यांना तरी.

एका बँडमध्ये दिसतं ते भूत. सेन्सर बिघडला असेल, मी स्वतःला बजावलं. यंत्राची गरम हवा त्याच्यावर गेली असेल.

मग माझं लक्ष आवाजाकडे गेलं.

प्रत्येक रॅकला मागे पंखे असतात. त्यांची एक सलग घरघर सतत चालू असते, इतकी की ती ऐकू येणंच बंद होतं. पण कुणी पंख्यांसमोरून चालत गेलं की त्या त्या रॅकचा आवाज क्षणभर दबतो. आम्हाला तो ओळखीचा होता. रॅकमागे कोण कुठे पोहोचलंय, ते आम्ही त्यावरूनच सांगायचो.

टोकाच्या रॅकचा आवाज दबला. मोकळा झाला.

मग त्याच्या अलीकडचा दबला...

मग त्याच्या अलीकडचा...

कुणीतरी सावकाश चालत होतं. माझ्या बाजूला.

उष्णतेत दिसतंय. आवाजात दिसतंय. दोन बँड.

मॅडमच्या नियमाने ते खरं होतं. आणि मी एकाही बँडमध्ये नव्हते.

माझ्या तोंडून किंकाळी फुटली नाही. मला फुटली असती तर आवडलं असतं. त्याऐवजी मी एक विचित्र गोष्ट केली. मी त्याला म्हणाले, "जाऊ नकोस."

कारण ते होतं म्हणून हवा होती.

मी डोकं ताळ्यावर आणलं. डोळे, कान, ऊब, तिन्ही संपलं होतं. उरला रेडिओ. पण या खोलीतून रेडिओ बाहेर जात नाही, त्यासाठीच तर ती बांधलेली. मग बाहेर जातं तरी काय?

डेटा जातो.

प्रत्येक अँटेनाची एक केबल रॅकच्या मागच्या बाजूला येऊन जोडलेली असते. कंट्रोल रूममध्ये मॅडमच्या समोर प्रत्येक अँटेनाची एक रेघ पडद्यावर सतत धावत असते. केबल काढली, की ती रेघ गायब. मी दिसत नव्हते. पण काहीतरी नाहीसं होताना मॅडमना नक्की दिसलं असतं. नाहीशा झालेल्या गोष्टी बघणं हेच तर आमचं काम.

फक्त केबल मागच्या बोळात होत्या.

उजेडात. ते होतं तिथे.

मी भिंतीला धरून उठले. रॅकला वळसा घातला. बोळ रिकामा होता, झगझगीत, पांढरा. माझ्यासमोरच्या रॅकचा आवाज दबलेला होता... आणि तो मोकळा होत नव्हता. म्हणजे ते तिथेच उभं होतं, हाताच्या अंतरावर.

मी डोळे मिटले, हात पुढे केला आणि चाचपडत पहिल्या केबलचा जोड धरला.

तो गरम होता. यंत्राची गरमी वेगळी असते. हा जोड कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून नुकताच सोडावा तसा गरम होता.

मी तो फिरवून काढला, लगेच टेकवला. काढला, टेकवला. थांबले. मग पुन्हा एकदा. आमची थाप. दोनदा भराभर, मग थांबून एकदा.

पुन्हा. पुन्हा.

माझ्या पाठीमागून पंख्यांचा आवाज दबत दबत पुढे गेला.

टक्. खुर्चीच्या वरचा दिवा लागला.

थोड्या वेळाने माझ्या डोक्यावरचा गेला. मी अंधारात, केबल हातात, आणि पलीकडे उजेडात...

खुर्ची करकरली. कुणीतरी बसल्यासारखी.

मी थांबले नाही. बोटं सोलवटली तरी नाही.

*

दार उघडलं तेव्हा आधी बाहेरची गार हवा आली, मग प्रोफेसरची बडबड.

"एकच अँटेना अशी उचक्या देतेय, मॅडम. केबल सैल झाली असणार, दुसरं काय?"

मी ओरडत धावले. खुर्चीजवळून जाताना तिच्याकडे बघितलं नाही. थेट त्याच्या अंगावर जाऊन आदळले.

तो केवढ्याने दचकला! "अगं! तू... तू आत कशी?"

"तू मला बघून दार लावलंस!"

"खुर्ची रिकामी होती गं. आईशप्पथ."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो खोटं बोलत नव्हता. मॅडमनी मला खांद्याला धरून बाहेर बसवलं, पाणी दिलं. "फोन तूच केला होतास?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

मी नुसती मान हलवत होते.

प्रोफेसर दार लावायला वळला. मला जरा हसवावं म्हणून असेल, किंवा सवयीने असेल, तो आत तोंड घालून ओरडला.

"डब्यात कोण?"

आणि आतून उत्तर आलं...

"भाजी! आलेच, थांब जरा."

माझा आवाज होता.

त्या दोघांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. प्रोफेसरने दार ढकललं.

"थांब!" मी किंचाळले. "आत कोणीतरी आहे."

त्याने मुकाट्याने दार पुन्हा उघडलं. आम्ही तिघांनी आत डोकावून पाहिलं. मी खुर्चीकडे बघितलं, रॅककडे बघितलं, छताकडे बघितलं.

खुर्ची रिकामी होती. वरचा दिवा चालू होता.

"कोणी नाही," मीच म्हणाले.

आणि दार लागलं.

*

सुट्ट्यांनंतर सगळं तपासून झालं. दांडी ठीक, बटण ठीक, फोन ठीक. दुरुस्तीला आलेल्या माणसाने माझ्यादेखत दार आतून उघडून दाखवलं, एका बोटाने.

मी बाहेर आले, हे खरं आहे. मी लोकांना दिसते. माझं बोलणं त्यांना ऐकू येतं. आई जवळ घेते तेव्हा एवढंच म्हणते, "किती गार लागतेस गं." थर्मामीटर लावून बघितला. तो सांगतो तेवढी ऊब माझ्या अंगात आहे.

पण ऑफिसच्या बाथरूमचा दिवा माझ्यासाठी लागत नाही. कॉरिडॉरचाही नाही. दुसरं कुणी बरोबर असेल तरच.

मध्ये एकदा माझ्या त्या ठिपक्याचं नवं चित्र आलं, दुसऱ्या एका दुर्बिणीतून, उष्णतेच्या बँडमध्ये. रेडिओत ठिपका होता, नेमक्या त्याच जागी एक अंधूक डाग. म्हणजे दीर्घिका खरी होती. प्रोफेसरने पार्टी मागितली. मॅडमनी माझी पाठ थोपटली.

"बघ," त्या म्हणाल्या. "ती तिथे होतीच. आपणच भलत्या बँडमध्ये शोधत होतो."

सगळे हसत होते. मी पडद्यावरच्या रेघांकडे बघत होते.

कारण ती अँटेना अजून उचक्या देते.

केबल बदलली, जोड बदलला. तरीही अधूनमधून, भर दुपारी, पडद्यावरची तिची रेघ नाहीशी होते. दोनदा भराभर. मग थांबून एकदा.

बाकीचे म्हणतात, जुनं यंत्र आहे, चालायचंच.

मी उठते, जाते आणि दार उघडते. हाक मारते. खुर्ची रिकामी असते. दिवा चालू असतो. छतातला पंखा फिरत असतो.

मला काही दिसत नाही. पण परत फिरण्याआधी मी दरवेळी त्या खुर्चीकडे बघून हात हलवते.

तिथे बसून कुणी माझ्यासारखाच हात वर केला असेल, तर...